घरची मजुरी धरून : फोटोग्राफीचा दर मी कसा ठरवला

यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका लहान गावात मी राहते. सहा वर्षांपासून लग्न, हळद, बारसं, डोहाळजेवण यांचे फोटो काढते. आमच्या धंद्यात अशा कामाला ‘ऑर्डर’ म्हणतात. फ्लॅश कुठून मारायचा, करिझ्मा, म्हणजे जाड छापील पानांच्या, अल्बमची शीट कशी लावायची, हे सांगणारे पुष्कळ भेटले. ‘किती घेता?’ या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं, ते मात्र कोणी शिकवलं नाही. ते शोधण्यात माझी जवळपास दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात कॅमेरा घेतलेल्या दोन मुलींनी मला हेच विचारलं. त्यांना फोनवर अर्धवट सांगितलं, म्हणून आता सगळं क्रमानं लिहून काढते.

सुरुवात डिसेंबर २०२३ ची. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस येऊन गेला होता, वेचायला आलेला कापूस झाडावरच भिजला होता. तरी तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मुहूर्त सुरू झाले होते. दिग्रसकडच्या एका गावातून फोन आला. हळद आणि लग्न, दोन दिवस, चाळीस शीटचा अल्बम. ‘एकच भाव सांगा ताई,’ म्हणाले. माझ्या तोंडून ‘पंधरा हजार’ निघालं. पंधराच का, हे मला माहीत नव्हतं. आधीच्या ऑर्डरला चौदा घेतले होते आणि तालुक्यातले एकदोघं सोळा-सतरा घेतात असं ऐकलं होतं, एवढाच आधार.

काम नीट झालं. हळदीच्या दिवशी नऊ तास, लग्नाच्या दिवशी तेरा. रात्री एकटीनं स्कूटीवर परतायचं नाही असा आमच्या घरचा नियम, म्हणून दोन्ही दिवस दादा सोबत होता. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून तो माझी बॅग सांभाळत बसला. अल्बम जानेवारीत तयार झाला. द्यायला गेले तेव्हा पंधराशे रुपये बाकी होते. मुलीचे वडील भला माणूस, पण पार थकलेले. ‘कापूस भिजला बेटा, एवढे राहू दे आता,’ म्हणाले. मी राहू दिले. परतताना दादानं विचारलं, ‘मंग तुले उरले किती?’ मला सांगता आलं नाही. खिशात पैसे होते, पण त्यातले माझे किती, हे मला ठाऊक नव्हतं. त्याची लाज वाटली.

आमच्या बाबांची निळ्या कव्हरची एक वही आहे. दरवर्षी पेरणीपासून खर्च लिहितात. बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणी, गाडीभाडं. आदल्या पावसाळ्यात गावात शेतकऱ्यांची बैठक झाली होती आणि तिथं हमीभाव कसा काढतात ते समजावून सांगितलं होतं. मी फोटो काढायला म्हणून गेले होते, पण ऐकत बसले. कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाचे वेगवेगळे हिशेब धरतो. शेतकऱ्याच्या खिशातून प्रत्यक्ष गेलेला पैसा म्हणजे ‘ए-टू’. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी धरली की ‘ए-टू अधिक एफएल’. त्याच्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि घातलेल्या भांडवलाचं व्याज धरलं की ‘सी-टू’. सरकार दीडपट भाव देतो म्हणतं ते दुसऱ्या हिशेबावर, आणि शेतकरी मागतात ते तिसऱ्यावर. बैठकीतून येताना बाबा म्हणाले होते, ‘माह्या वहीत तं पयलाच हिशेब हाय. माही मजुरी कोण लावते?’

जानेवारीतल्या त्या रात्री मला हेच आठवलं. माझ्या डोक्यातही पहिलाच हिशेब होता. बाबांच्या वहीची मागची पानं कोरी होती. तिथंच त्या लग्नाचा हिशेब मांडला.

खिशातून गेलेले आधी लिहिले. पेट्रोल ६००, लाइट धरणाऱ्या मुलाचे दोन दिवसांचे १,०००, अल्बमच्या चाळीस शीट नव्वद रुपयांनी ३,६००, पॅड आणि पेटी ९००, नागपूरहून ट्रॅव्हल्सनं पार्सल २००, पेन ड्राइव्ह ४५०. एकूण ६,७५०. हातात आले होते १३,५००. म्हणजे निम्मे उरले. इथं थांबले असते तर बरं वाटलं असतं.

मग सामान. निकॉन डी७५० मी मे २०२२ मध्ये, अक्षय्य तृतीयेला जुना घेतला होता. लेन्ससकट ८८,०००. पन्नास एमएमची लेन्स ९,०००, दोन फ्लॅश १४,०००, बॅटऱ्या, कार्ड, बॅग, स्टँड १७,००० आणि लॅपटॉप ६८,०००. बेरीज १,९६,०००. पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ३९,२०० झिजतात. हे ‘झिजणं’ मला आधी पटत नव्हतं, कारण कॅमेरा तर समोर धडधाकट दिसत होता. म्हणून त्याचे एकूण क्लिक पाहिले. घेतला तेव्हा बावीस हजार होते, आता अठ्ठ्याण्णव हजार. या कॅमेऱ्याचं शटर कंपनीनं दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्या लग्नात मी अठ्ठावीसशे क्लिक केले होते. उरले बावन्न हजार, म्हणजे तशी अठरा-एकोणीस लग्नं. पुढेही चालेल कदाचित, पण भरवसा तेवढाच. प्रत्येक क्लिकला काहीतरी संपतं, हे मला पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

वर्षभराचं इंटरनेट, सॉफ्टवेअर, वीज, खराब होणाऱ्या बॅटऱ्या मिळून २२,४००. आणि हेच १,९६,००० बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर १३,७२० व्याज आलं असतं, तेही धरलं. सी-टूमध्ये धरतात तसंच. या तिन्हींची बेरीज ७५,३२०. ऑर्डरच्या संख्येनं भागू नका, कारण बारशाची ऑर्डर तीन तासांची असते आणि लग्न दोन दिवसांचं. कॅमेरा किती दिवस घराबाहेर पडला त्यानं भागा. माझे २०२३ मधले असे छप्पन दिवस निघाले. दिवसाला १,३४५ रुपये पडले, दोन दिवसांचे २,६९०.

दादाच्या दोन रात्रीही धरल्या, दिवसाला चारशेनं आठशे. गावात पुरुषाची मजुरी तेवढी होतीच. आई म्हणाली, ‘भावाचे कायले धरतं?’ पण तो त्या दिवशी दुसरीकडे कामाला गेला असता तर पैसे घेऊनच आला असता ना.

उरले ३,२६०. आता माझे तास. शूटिंगचे बावीस, जाण्यायेण्याचे सहा, फोटो निवडायला नऊ, एडिटिंग चोवीस, अल्बमचं डिझाइन अठरा, त्यांना दाखवून पसंत करून घ्यायला सहा. एकूण पंच्याऐंशी. तासाला अडतीस रुपये पडले. आठ तासांचा रोज धरला तर तीनशे सात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २७३ रुपये होती. माझा रोज तिच्याहून चौतीस रुपयांनी जास्त. आणि त्याच आठवड्यात आई दुसऱ्याच्या शेतात दहा रुपये किलोनं कापूस वेचायला जात होती. चाळीस किलो वेचला की चारशे घेऊन घरी.

मी वही बंद केली आणि खूप वेळ तशीच बसून राहिले. राग कोणाचा करायचा ते कळेना. पंधरा हजार तर मीच सांगितले होते.

फेब्रुवारीत मी चार फोटोग्राफरांना भेटले. दोघांनी दर सांगितले, एकानं टाळलं. चौथे आमच्या भागातले जुने स्टुडिओवाले काका. त्यांनी चहा पाजला आणि ड्रॉवरमधून रोलची रिकामी डबी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, ‘याच्यात छत्तीस फोटो राहायचे. पाहुणा म्हणे, अजून एक काढा. मी म्हणो, नवा रोल टाकावा लागते. त्याले पटे. आता तुमचा खर्च त्याले दिसतच नाही, त्यानं तरी काय समजावं?’ ते वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. ग्राहक कंजूष असतोच असं नाही. त्याला आपला खर्च दिसत नाही, आणि तो दाखवणं आपलं काम आहे. दुसऱ्यांचे दर मात्र माझ्या फार कामी आले नाहीत. एकाचा स्टुडिओ स्वतःच्या जागेत, दुसऱ्याकडे दोन पोरं कामाला. त्यांचा खर्च वेगळा, म्हणून त्यांचा दरही वेगळा. दुसऱ्याचा दर ऐकावा, पण उतरवून घेऊ नये.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवा दर काढला. तासाला शंभर रुपये धरले. आठ तासांचे आठशे, म्हणजे आईच्या वेचणीच्या दुप्पट. हा आकडा मी खूप वेळा खालीवर केला. शेवटी असं पाहिलं की वर्षाला पंधरा-वीस रात्री जागून, बिघडलेला फोटो पुन्हा मिळणार नाही ही जोखीम घेऊन केलेल्या कामाला एवढं मागणं वाजवी आहे. पंच्याऐंशी तासांचे ८,५००, खिशातले ६,७५०, दादाचे ८००, झीज आणि व्याज २,६९०. बेरीज १८,७४०. वर वीस टक्के, पडझडीसाठी आणि रिकाम्या महिन्यांसाठी, कारण चातुर्मासात आमच्याकडे लग्नं नसतात आणि हप्ते मात्र असतात. झाले २२,४८८. म्हणजे साडेबावीस.

पंधराचे एकदम साडेबावीस कोणत्या तोंडानं सांगायचे? दोन दिवस मी तो आकडा फक्त आरशासमोर म्हणून पाहिला. मग सुचलं म्हणून अल्बम काढून हिशेब केला. शीट, पॅड, पार्सलचे ४,७०० आणि डिझाइनचे अठरा तास कमी केले तर दर १४,७०० येतो. म्हणजे माझा जुना पंधरा हजारांचा दर खोटा नव्हता, तो बिनअल्बमच्या कामाचा दर होता. अल्बम मी इतकी वर्षं फुकट देत होते. याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. कोणाकडे पंधराच असतील तर दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. फोटो आत्ता घ्या, अल्बम कापूस विकल्यावर करा. आमच्याकडे पैसा पिकाबरोबर येतो. दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, मग कापसाचा, मग तुरीचा. ज्याचं लग्न एप्रिलात आहे त्याच्याकडे जानेवारीत इसार मागितला तर तो सहज देतो, तेच मे महिन्यात बाकी मागणं दोघांनाही जड जातं.

पैशाचे टप्पेही तेव्हाच ठरवले. तारीख धरताना तीस टक्के इसार, हळदीच्या दिवशी पन्नास, आणि उरलेले वीस अल्बम छापायला पाठवायच्या आधी. अल्बम हातात पडल्यावर बाकी मागायला जाऊ नका. हे सगळं मी साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेते आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते. किती दिवस, किती तास, किती शीट, फोटो किती दिवसांत, आणि रात्री दहानंतर थांबायचं असेल तर तासाचे किती.

याच काळात उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, केली. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला शुल्क लागत नाही. मला हे माहीत नव्हतं. एका कॉम्प्युटर सेंटरवर आठशे रुपये सांगितले होते, मी देणारही होते. आधार आणि पॅन लागतं, आणि आधारला चालू मोबाइल जोडलेला लागतो. माझा जुना नंबर बंद पडलेला, त्यामुळे आधी आधार केंद्रावर नंबर बदलला. पन्नास रुपये, रांगेत एक सकाळ आणि पुढे आठ-नऊ दिवसांची वाट. मग घरी बसून अर्ध्या तासात अर्ज झाला. व्यवसायाचा कोड विचारतात तिथं फोटोग्राफीचा ७४२० मध्ये शोधा. प्रमाणपत्रावर ‘सूक्ष्म’ असं लिहून आलं. आईनं ते देवाजवळ ठेवलं. जीएसटीची भीती मला फार होती, पण सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाही नाही.

आता दर सांगायची वेळ आली. त्या हंगामात नऊ ठिकाणाहून विचारणा झाली. तिघं दर ऐकून दुसरीकडे गेले. प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. तिसरे गेले त्या रात्री मी आईला म्हटलं, पुन्हा पंधरा करते. आई म्हणाली, ‘आठ दिवस थांब.’

आठ दिवसांच्या आतच एका गावात मुलीच्या वडिलांशी बोलायला गेले. काकाजी ओसरीवर बसले होते, शेजारी सरकी काढायला ठेवलेल्या कापसाचं गाठोडं. साडेबावीस ऐकून म्हणाले, ‘लय झाले. मागच्यानं नऊ सांगतले.’ मी वहीचं पान काढून त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, काकाजी, एक एकर कापसाला खर्च किती येते ते तुम्ही सांगा, माझ्या कामाचा मी सांगते. त्यांनी खरंच सांगायला सुरुवात केली. बियाण्याची पाकिटं, दोन खताच्या बॅगा, फवारण्या. मी माझ्या ओळी वाचत गेले. दादाच्या आठशेवर आले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि आत पाहून आवाज दिला, ‘अवं, हे पाय, इनं भावाची बी मजुरी धरली.’ काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी कागद हातात घेऊन दूर धरून पाहिला. काकू म्हणाल्या, ‘मंग, धरूच नये का?’ थोडा वेळ कोणी बोललं नाही. शेवटी काकाजींनी बिनअल्बमचे पंधरा कबूल केले आणि साडेचार हजार इसार लगेच दिला. अल्बम त्यांनी पुढच्या जानेवारीत केला, पूर्ण पैसे देऊन.

नऊपैकी चौघांनी अल्बमसकट घेतलं, दोघांनी बिनअल्बम. जे तिघं गेले होते त्यातलं एक घर परत आलं. यवतमाळ-वाशीम मतदारसंघात लोकसभेचं मतदान २६ एप्रिल २०२४ ला होतं. त्यांनी ठरवलेल्या फोटोग्राफरला निवडणुकीच्या व्हिडिओ शूटिंगचं काम लागलं, आणि लग्न नेमकं मतदानाच्या आदल्या दिवशी. पाच दिवस आधी ते माझ्याकडे आले. तीस हजार मागितले असते तरी दिले असते. मी साडेबावीसच घेतले. माझा खर्च त्या पाच दिवसांत वाढला नव्हता. वाजवी दर म्हणायचं तर समोरच्याच्या अडचणीतही तो तोच राहायला हवा, असं मला वाटतं.

नातेवाइकांचं प्रकरण सगळ्यात अवघड. आईच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. मामाजी म्हणाले, ‘आपल्या घरचंच लगन हाय, तुले काय सांगावं.’ पूर्वी मी अशा वेळी अर्धे घ्यायचे, मनात कुढायचे आणि काम उरकायचे. या वेळी बिल पूर्ण दराचं केलं आणि त्यात एक ओळ लिहिली : हळदीचा दिवस, भाचीकडून आहेर. तेवढे पैसे वजा केले. मामाजींनी ते बिल चारचौघांत दाखवलं. सूट द्यायची असेल तर ती बिलावर लिहून द्या. आपला दरही कळतो आणि आपण काय दिलं तेही.

२०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त आला, नेहमीचे मुहूर्त राहिले नाहीत. माझे बरेच दिवस रिकामे गेले. जुलैमध्ये एका बियाण्याच्या कंपनीतून फोन आला. कापसाच्या शेतात, शेतकऱ्यांसोबत दोन दिवस, चाळीस फोटो. ‘सगळ्या हक्कांसकट बारा हजार,’ म्हणाले. बारा हजार दोन दिवसांचे म्हणजे माझ्या हिशेबात बसत होते, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण ‘सगळे हक्क’ म्हणजे काय ते कळलं नव्हतं, म्हणून दोन दिवस मागून घेतले आणि वाचलं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम प्रत्येक फोटोग्राफरनं वाचावं. एरवी फोटो काढणारा हा त्याचा पहिला मालक. पण कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक तो सांगणारा. म्हणजे काहीच न लिहिता काम केलं तर लग्नाचे फोटोसुद्धा माझे नसतात. ते मी इंस्टाग्रामवर टाकत होते, न विचारता. तेव्हापासून माझ्या कागदावर परवानगीची एक ओळ असते आणि नवरीला ती मी स्वतः वाचून दाखवते. नाही म्हटलं तर टाकत नाही. दुसरी गोष्ट, हक्क लिहून द्यायचे तर मुदत लिहावी. १९ व्या कलमाप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात.

मी कंपनीला विचारलं, फोटो कुठं वापरणार आणि किती दिवस. पाकिटावर, कॅलेंडरवर, रस्त्यावरच्या फलकांवर. मग मी कामाचे सोळा हजार आणि एका वर्षाच्या वापराचे वीस हजार असे वेगळे सांगितले, आणि फोटोत दिसणाऱ्या सहा जणांना प्रत्येकी पाचशे कंपनीनं वेगळे द्यावेत असं घातलं. त्यात निंदणाला आलेल्या दोन बाया होत्या. फोटोसाठी अर्धा दिवस उभं राहिलं की त्यांचा रोज बुडतो. तीन दिवस उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी ‘चालेल’ असा मेल आला, लेखी.

काम झालं, बाया-माणसांचे पाचशे जागेवर मिळाले. माझं ३६,००० चं बिल मी १२ ऑगस्टला पाठवलं आणि वाट पाहायला लागले. फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे.’ सप्टेंबर गेला. इथं उद्यमचा कागद उपयोगी पडला. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात मुदत असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. शिवाय नव्या आयकर नियमानं, मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. १ ऑक्टोबरला मी भांडणाचा एक शब्द न लिहिता, ही कलमं आणि उद्यम क्रमांक घालून पत्र मेल केलं. ‘समाधान’ नावाच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते तेही लिहिलं. तक्रार करायची वेळ आली नाही. २५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर पैसे जमा झाले. चौऱ्याहत्तर दिवस लागले. व्याज मी मागितलं नाही. पुढच्या वेळी उद्यम क्रमांक पहिल्याच बिलावर घालायचा, एवढं शिकले.

जमा झाले ते मात्र ३२,४००. दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवायचा आयकर, कापला होता. आधी वाटलं गेले पैसे. तसं नसतं, ते आपल्या पॅनवर जमा दिसतात. मी जुलै २०२५ मध्ये रिटर्न भरलं आणि ऑगस्टमध्ये ३,६०० खात्यात परत आले. रिटर्न भरलं नसतं तर आले नसते.

वर्षाचा हिशेब पाडव्याला, ३० मार्च २०२५ ला मांडला. आदल्या वर्षी अठ्ठावीस ऑर्डरींचे २ लाख ७२ हजार आले होते, या वर्षी एकोणीस ऑर्डरींचे २ लाख ९६ हजार. रात्री कमी जागले. पण एक गोष्ट मी धरायची विसरले होते. कॅमेरा बाहेर पडण्याचे दिवस छप्पनवरून चाळीसवर आले, त्यामुळे ते ७५,३२० आता चाळीसनं भागायचे. दिवसाला १,३४५ नव्हे, १,८८३. म्हणून दोन दिवसांचं लग्न आता चोवीस हजार. दर वाढवला की कामं कमी होतात आणि कामं कमी झाली की झिजेचा वाटा वाढतो. पहिल्या वर्षीच दर ठरवताना आपले दिवस थोडे कमी होतील असं धरून चाला. आणि दर वर्षातून एकदाच, ठरलेल्या दिवशी बदला. हंगामाच्या मध्ये बदलला तर ज्याला जुना दर सांगितला त्याच्यापुढं उभं राहता येत नाही.

आता पुन्हा तुळशीची लग्नं झाली आहेत. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, पण आमचा माल ओला, म्हणून बाबांनी पहिली खेप खाजगीत कमी भावानं विकली. परवा रात्री ते वही घेऊन माझ्याजवळ बसले. खर्च लिहून झाल्यावर त्यांनी खाली दोन नव्या ओळी ओढल्या. एकीवर स्वतःचे रोज लिहिले, दुसरीवर आईचे. आईला विचारून विचारून तिचे दिवस मोजले, निंदणाचे, खताचे, वेचणीचे. बेरीज मला करायला लावली. मी आकडा सांगितला. खेपेला मिळालेल्या पैशांच्या तो वर गेला होता. बाबांनी चष्मा पुसला आणि मला बेरीज पुन्हा करून पाहायला सांगितली. ती बरोबर होती.